लोह, चर्म आणि कापूस : कवचाच्या घडणीविषयी

उल्हास नदी कल्याणच्या जुन्या बंदरावरून खाली येते, काशेली आणि बाळकुम यांच्यामधून रुंद होत जाते आणि कोलशेत, घोडबंदर अशी वळणे घेत वसईपाशी समुद्राला मिळते. इ.स.च्या पहिल्या शतकात, रोमच्या साम्राज्याचा व्यापार तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन भिडला होता त्या काळी, एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखला जाणारा जो दर्यावर्दी वृत्तांत लिहून ठेवला, त्यात या नदीकाठच्या कल्याणचा आणि शेजारच्या सोपाऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पूर्वीच्या राजाच्या अमलात कल्याण हे रीतसर व्यापारपेठ असलेले बंदर होते आणि पुढे सत्ता बदलल्यावर तेथे शिरणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तो सांगतो. याच ग्रंथात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अडुलिस बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत ‘अरियके’ म्हणजे आपल्या या पश्चिम हिंदुस्थानच्या अंतर्भागातून येणारे लोखंड, पोलाद आणि सुती कापड या जिनसा एकापाठोपाठ एक नमूद केलेल्या आहेत. पुढे दुसऱ्या शतकात रोमन सरकारने जकातपात्र मालाची जी सूची केली, तीतही हिंदी लोखंडाला स्वतंत्र जागा मिळाली. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांची दाने कोरलेली आहेत, त्या दात्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर कल्याणचा लोहारही आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या मुलखातील धातुकामाची प्रतिष्ठा केवढी होती याची कल्पना येते.

लोखंड, पोलाद आणि कापूस हे तीन जिन्नस एका यादीत यावेत हा व्यापाराच्या दृष्टीने योगायोग असेल. परंतु ज्याला कवचाच्या घडणीचा विचार करायचा आहे त्याला ही यादी फार अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही. कवच म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर केवळ लोखंड उभे राहते. वस्तुतः एकट्या लोखंडाने माणसाचे रक्षण झाल्याचे उदाहरण इतिहासात शोधूनही सापडावयाचे नाही. शस्त्राचा आघात तीन प्रकारांनी शरीराला इजा करतो : धार कापते, टोक भोसकते आणि वजन चेचते. कापणाऱ्या धारेला कठीण पृष्ठभाग हवा, भोसकणाऱ्या टोकाला चिवट अडथळा हवा आणि चेचणाऱ्या वजनाला मऊ, जाड, दबून जाणारा थर हवा. हे तिन्ही गुण एकाच द्रव्यात सहसा नांदत नाहीत. म्हणून रोमन शिपायाचे कवच असो, मराठा शिलेदाराचे चिलखत असो की आजच्या जवानाचे गोळीरोधक जाकीट असो, त्याची रचना परस्परविरोधी गुणांच्या द्रव्यांची सांगड घालूनच करावी लागते.

रोमन सैन्यात सर्वांत दीर्घकाळ टिकलेले कवच म्हणजे लोखंडी कड्यांचे. ही विद्या रोमनांनी आपल्या उत्तरेकडील केल्ट लोकांकडून उचलली आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून साम्राज्याच्या अखेरीपर्यंत ती सोडली नाही. ‘लोरिका हमाटा’ हे त्याचे लॅटिन नाव. एका कवचाला तीस हजारांच्या आसपास कड्या लागत आणि त्याचे वजन सुमारे दहा किलो भरे. पॉलिबियस या इतिहासकाराने इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात लिहिले आहे की, ज्यांची मालमत्ता दहा हजार द्राख्मांहून अधिक असे तेच असे कवच घालीत; इतर शिपाई वीतभर लांबीरुंदीचा काशाचा पत्रा छातीवर बांधून रणात उतरत. शरीररक्षण हे प्रथमपासून ऐपतीशी जखडलेले होते, याचा हा बोलका दाखला आहे.

एक कडी कशी तयार होत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या गोळ्यात मळी असते. तो पुनःपुन्हा तापवून व घणाखाली कुटून ती बाहेर काढावी लागते, तेव्हा कोठे नरम, ओढता येण्याजोगे लोखंड हाती येते. त्याची तार काढावयाची, ती एका सळईभोवती घट्ट गुंडाळावयाची आणि वेटोळ्याला उभा छेद दिला की कड्या सुट्या होतात. प्रत्येक कडीची दोन्ही टोके ठोकून चपटी करावयाची, एकावर एक आणावयाची, त्यांतून बारीक भोक पाडावयाचे आणि त्यात टाचणीच्या डोक्याहून लहान खिळा बसवून तो दोन्ही बाजूंनी ठोकावयाचा. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतलेली असते. रोमन कारागिरांनी यात एक मोठी सोय शोधली : एक रांग खिळे मारलेल्या कड्यांची आणि दुसरी पत्र्यातून ठोकून काढलेल्या अखंड कड्यांची, अशा आळीपाळीने रांगा जोडल्या की खिळे मारण्याचे काम निम्म्यावर येते आणि मजबुतीही कमी होत नाही. नुसती टोके जुळवून सोडलेली कडी भाल्याच्या टोकापुढे उघडते. खिळ्याने बंद केलेली कडी तुटेपर्यंत उघडत नाही. खिळा मारलेल्या प्रत्येक कडीवर कोणा अनामिक हाताने असे काम केलेले असे.

पहिल्या शतकातील रोमन शिपायाचे जे चित्र आपल्या परिचयाचे आहे त्यातील पट्ट्यापट्ट्यांचे कवच मात्र निराळे. ते साधारणपणे इसवी सनाच्या आरंभापासून तिसऱ्या शतकापर्यंत प्रचारात होते. त्यात नरम लोखंडाचे पत्रे एकावर एक येतील अशा रीतीने आतून कातडी पट्ट्यांवर खिळ्यांनी जोडलेले असत, आणि बिजागऱ्या, बकले व आकडे पितळेचे असत. १९६४ साली इंग्लंडच्या उत्तर भागात कॉर्ब्रिज येथील रोमन ठाण्याच्या उत्खननात जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी मिळाली आणि तीतील पत्र्यांवरून हे कवच कसे जोडलेले होते याचा उलगडा झाला. त्या पत्र्यांवर दुरुस्तीच्या खुणा ठिकठिकाणी आहेत. पितळेची नाजूक बिजागरी निखळली की कारागीर तिच्या जागी सरळ खिळा ठोकून मोकळा होई. आणि अशा दुरुस्त्या वारंवार कराव्या लागल्या असल्या पाहिजेत, कारण लोखंड, पितळ आणि ओले कातडे एकमेकांना लागून राहिले म्हणजे लोखंड अधिक वेगाने गंजते. पत्रा कठीण, कातडे लवचीक आणि पितळ गंजाला न जुमानणारे, अशी तिघांची गुणसंपदा एकत्र आणताना त्यांच्यातील वैरही कारागिराला पत्करावे लागले. पुढच्या काळातील कवचांत जोड अधिक साधे व दणकट झाले, ते या अनुभवानेच.

या पितळेचीही स्वतंत्र कथा आहे. जस्त हा धातू तापवताच वाफ होऊन उडून जातो, म्हणून रोमन कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताची खनिज माती आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवीत. जस्ताची वाफ तांब्यात मुरे आणि सोन्यासारखा पिवळा धातू तयार होई. ढालीसाठी रोमनांनी लाकडाचाच आधार घेतला. पॉलिबियसच्या वर्णनाप्रमाणे लाकडाचे दोन थर सरसाने चिकटवून त्यांवर प्रथम जाड कापड आणि मग वासराचे कातडे चढवीत, आणि वरच्या व खालच्या कडेला लोखंडी पट्टी बसवीत. लाकडाचे उभे-आडवे थर फुटू न देणारे, कापड त्यांना बांधून ठेवणारे आणि कातडे पाणी व धार दोहोंना थोपविणारे, असा हा विचार होता. कवचाच्या आत लोकरीचा किंवा नमद्याचा जाड अंगरखा असे. उत्तरकालीन एका लॅटिन लष्करी ग्रंथात अशा नमद्याच्या कपड्याची शिफारस करताना, त्यामुळे कवचाचा भार व घर्षण अंगाला जाणवत नाही, असे कारण दिलेले आहे.

आता आपल्या देशाकडे वळावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना कवचांची जी गणना आली आहे, ती द्रव्यांच्या दृष्टीने रोमन पद्धतीपेक्षाही विस्तृत आहे. लोहजालिका म्हणजे कड्यांचे जाळे, लोखंडाचे पट्ट आणि अखंड लोहकवच यांच्याबरोबर तेथे सूत्रकंकट, म्हणजे सुताचे कवच, मानाने नोंदलेले आहे. शिवाय शिंशुमार, गेंडा, हत्ती आणि गुरे यांची कातडी, त्यांचे खूर आणि शिंगे एकत्र सांधून केलेली कवचे सांगितली आहेत. मस्तकासाठी शिरस्त्राण, गळ्यासाठी कंठत्राण, धडासाठी कूर्पास आणि कंचुक, अशी अवयवांप्रमाणे विभागणीही आहे. ज्याने ही सूची केली त्याने राज्याच्या शस्त्रागारात लोहार, चर्मकार आणि विणकर या तिघांनाही एकाच पंक्तीत बसविले.

महाराष्ट्रात लोखंड कोठून येत असे, याचे उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावर सापडते. महाबळेश्वरच्या पठारापासून कोल्हापूर-रत्नागिरीच्या घाटांपर्यंत जांभ्या दगडात लोहयुक्त खडे सापडतात, आणि ते गाळून लोखंड काढण्याचा धंदा धावड या जमातीच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होता. मातीची भट्टी, लाकडी कोळसा आणि चामड्याचे भाते एवढ्या सामग्रीवर हे काम चाले. शुद्ध लोखंड वितळावयाला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. धावडांच्या भट्टीत तेवढी ती कधीच नसे. म्हणून लोखंड पातळ होऊन वाहत नसे, तर मळीने भरलेला स्पंजासारखा गोळा भट्टीच्या तळाशी जमे आणि तो घणाखाली कुटावा लागे. रोमन साम्राज्यातील भट्ट्यांतही हीच क्रिया होत असे. एकोणिसाव्या शतकात एकीकडे जंगलावर सरकारी बंदोबस्त आल्याने कोळसा दुर्मीळ झाला आणि दुसरीकडे विलायती लोखंड स्वस्त दराने येऊ लागले. या दोहोंच्या कात्रीत धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. एका ज्ञानपरंपरेचा असा शेवट व्हावा, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

पोलादाचा उत्तम माल मात्र दख्खनच्या पूर्व भागातून, आजच्या तेलंगणातील निर्मळ आणि कोनासमुद्रम या बाजूच्या गावांतून येई. तेथे लोखंड बंद मुशीत कर्बयुक्त द्रव्यांसह दीर्घकाळ तापवून सावकाश थंड करीत. त्यामुळे त्यात शेकडा एक ते दीड भाग कर्ब मुरे आणि पृष्ठभागावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. इराणी व्यापारी या पोलादाच्या वड्या विकत घेण्यासाठी दूरवरून येत. तलवारीप्रमाणेच चारआईन्याचे पत्रेही अशा पोलादाचे करीत. चारआईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन्ही कुशी यांसाठी चार पत्रे. कुशीच्या पत्र्यांना बगलेसाठी वरून अर्धगोल खाच असे आणि हे चारही पत्रे पट्ट्यांनी बांधून कड्यांच्या चिलखतावर चढवीत. मनगटापासून कोपरापर्यंत पोलादी दस्ताना, मस्तकावर जिरेटोप आणि त्याच्या कडेने मानेवर लोंबणारी कड्यांची झालर, असा हा सरंजाम पुरा होई. काही चिलखतांत लोखंडी कड्यांमध्ये पितळी कड्या गुंफून गंगाजमनी नक्षी साधत. शिवकालीन अठरा कारखान्यांत शस्त्रसामग्रीसाठी जिरातखाना होता. त्याची मोजदाद आणि जमाखर्च राज्याच्या दप्तरी राहत असे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची जी भेट झाली तिच्यात या घडणीची खरी कसोटी लागली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने नमूद केले आहे की, अफजलखानाने महाराजांच्या कुशीत चालविलेले हत्यार अंगातील जरीच्या कुडतीवर, म्हणजे कड्यांच्या चिलखतावर, घासून गेले आणि शरीराला लागले नाही. मस्तकावर मंदिलाखाली लोखंडी टोप होता अशीच परंपरा आहे. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, ते कवच वरून दिसत नव्हते. पत्र्याचे कवच कपड्याखाली लपविता येत नाही; कड्यांचे चिलखत शरीराच्या वळणाप्रमाणे वळते, बसताना-उठताना अडत नाही आणि वर अंगरखा घातला म्हणजे पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. अनेक इतिहासकारांनी या प्रसंगातील धैर्य आणि सावधगिरी यांचे विवेचन केले आहे. परंतु त्या दिवशी ज्या कारागिराच्या हातची कडी उघडली नाही, त्याचेही स्मरण कृतज्ञतेने केले पाहिजे.

तथापि मराठ्यांच्या फौजेतील प्रत्येक स्वार असे चिलखत घालीत होता असे मानणे चुकीचे होईल. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीस येई, बारगिराला ती सरकारातून मिळत. पण पुष्कळांच्या अंगावर लोखंडाऐवजी कापसाचे जाड, टीप घातलेले अंगरखे असत. मराठ्यांचे युद्धतंत्र वेगावर उभे होते : रसद तोडावयाची, अवचित घाला घालावयाचा आणि शत्रू सावरण्यापूर्वी दहा-वीस कोस दूर निघून जावयाचे. अशा स्वारीत माणसाच्या अंगावरचा प्रत्येक शेर घोड्याच्या दमातून वजा होतो. घरातली गोधडी जशी थरावर थर ठेवून जवळजवळ टाके घालून शिवतात, तसेच हे अंगरखे शिवले जात. टाक्यांमुळे कापूस एका जागी बसतो, धार एकेक धागा तोडीत थबकते, आणि बोथट मार पसरून हलका होतो. लांबून येणाऱ्या बाणाचा जोरही अशा कापडात बराच मुरतो. कापसाच्या जाड कापडावर पितळी खिळे ठोकून केलेला ‘चिलता’ हा कापड आणि धातू यांच्यामधला दुवा होता. आणि ज्याच्या अंगावर लोखंडी चिलखत असे त्यालाही आत कापसाचा थर असल्यावाचून चालत नसे. कारण कडी कापली गेली नाही तरी तलवारीच्या भाराने तिच्याखालचे हाड मोडू शकते.

ढालीच्या बाबतीत आपल्या कारागिरांनी चामड्याचा विचार विलक्षण खोलवर केला. गेंड्याचे किंवा म्हशीचे जाड कातडे भिजवून साच्यावर ताणीत, वाळवीत आणि मग त्यावर लाखेचे लेप चढवून घोटीत. मध्यभागी चार धातूच्या फुल्या असत. त्यांचे खिळे आरपार जाऊन मागच्या बाजूच्या कड्या धरून ठेवीत आणि त्या कड्यांना मुठीचे पट्टे अडकविलेले असत. मुठीच्या बोटांना मार लागू नये म्हणून पट्ट्यांखाली लहानशी गादी शिवीत. गेंड्याच्या कातड्याची ढाल उत्तम घोटली म्हणजे उजेडासमोर मधाच्या रंगाची अर्धपारदर्शक दिसे. अहमदाबाद हे अशा ढालींचे नामांकित ठिकाण होते. लोखंडी ढालीपेक्षा ही हलकी, आणि तलवारीचा वार तिच्यावर रुतत नसे, घसरत असे.

बंदूक आणि सुरुंग यांनी या सगळ्या विद्येचा मोड केला. चिमाजी अप्पांची उत्तर कोकणची मोहीम १७३७ साली उल्हास नदीच्या याच परिसरात सुरू झाली. ज्याच्या तटात आज मध्यवर्ती कारागृह आहे तो ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी प्रथम घेतला आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली. वसईच्या तटाखाली उडालेल्या सुरुंगांपुढे आणि पोर्तुगीजांच्या बंदुकांपुढे कडीचे चिलखत निरुपयोगी होते. बंदुकीची गोळी थोपवील एवढा जाड पत्रा अंगावर वागविणे माणसाला शक्य नव्हते. युरोपातही याच कारणाने कवचे हळूहळू मागे पडली होती. चिलखत पुढे दरबारी पोशाखाचा भाग झाले आणि अखेर संग्रहालयात गेले.

पण कवचाचा विचार तेथे संपला नाही, हे सांगताना ठाणे जिल्ह्यातील वाचकाला विशेष समाधान वाटेल. ठाण्याच्या खाडीच्या दक्षिण टोकाशी ट्रॉम्बे येथे असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभा कवच’ नावाचे गोळीरोधक जाकीट विकसित केले आणि हैदराबादच्या मिश्र धातू निगमने त्याचे उत्पादन हाती घेतले. त्याच्या कठीण फरशा बोरॉन कार्बाइडच्या आहेत. हे द्रव्य पोलादाहून कितीतरी कठीण आणि वजनाने त्याच्या एक-तृतीयांशाएवढे असते; कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळून त्याचा चिवटपणा वाढविलेला असतो आणि मागे बळकट कृत्रिम धाग्यांचे थर असतात. गोळी फरशीवर आदळून फुटते, तिच्याबरोबर फरशीही तडकते, आणि उरलेले तुकडे व उरलेला जोर मागचे थर झेलतात. या जाकिटाचे वजन नऊ किलोंच्या आसपास आहे. रोमन शिपायाच्या कड्यांच्या कवचाचे वजन सुमारे दहा किलो होते. द्रव्ये बदलली, शस्त्रे बदलली. परंतु दिवसभर चालून लढणाऱ्या माणसाचा खांदा दोन हजार वर्षांत बदलला नाही आणि कवचकाराला आपली सर्व बुद्धी त्या खांद्याने घातलेल्या मर्यादेतच खर्च करावी लागते.

या दृष्टीने आपली संग्रहालये पाहिली म्हणजे एक उणीव डोळ्यांत भरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अथवा साताऱ्यात जी चिलखते, टोप आणि दस्ताने जतन केलेले आहेत, त्यांत लोखंड-पोलादाचा वाटा मोठा आहे. हे साहजिक आहे, कारण लोखंड गंजत गंजत का होईना शतके काढते आणि कापूस-कातडे वाळवी, बुरशी व दमट हवा यांच्या तोंडी पडते. पण त्यामुळे पाहणाऱ्याच्या मनावर एक चुकीचा ठसा उमटतो. युद्धांचा इतिहास लोहाराने घडविला आणि शिंपी, पिंजारी, चर्मकार यांचा त्यात भाग नव्हता, असे त्याला वाटू लागते. वास्तविक ज्या चिलखताने जीव वाचविला, त्यात वरच्या कडीइतकाच आतला टाकाही कामास आला होता. म्हणून जेथे जेथे जुन्या वाड्यांत, देवघराच्या पेट्यांत किंवा घराण्यांच्या संग्रहात चिलखताखालचा जीर्ण अंगरखा, ढालीची उसवलेली गादी किंवा टोपाचे सुती अस्तर उरले असेल, तेथे ते जुनेर म्हणून फेकून न देता लोखंडाइतक्याच आस्थेने राखले पाहिजे, त्याची नोंद केली पाहिजे आणि शक्य तर संग्रहालयाच्या स्वाधीन केले पाहिजे. कौटिल्याच्या सूचीने सुताच्या कवचाला लोखंडाच्या शेजारी जी जागा दिली, तीच जागा त्याला आपल्या संग्रहालयांतही मिळाली, तरच कवचाचा पुरा इतिहास पुढच्या पिढीच्या हाती पडेल.